नाक त्याचं, वारा पाहायचा आपण

मिनेसोटातून पश्चिमेला साउथ डकोटाच्या हद्दीकडे निघालं की मका आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये कमरेएवढ्या गवताचे पट्टे लागतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून या गवतात भडक नारिंगी टोप्या हलताना दिसतात आणि त्यांच्यापुढे नागमोडी पळणारा एखादा ठिपक्याठिपक्यांचा कुत्रा. शिकार फेझंटची. पक्षी मूळचा आशियातला, इथे आणून सोडलेला. साउथ डकोटात त्याचा पहिला हंगाम १९१९ साली झाला आणि आज तो तिथला राज्यपक्षी आहे. मारायचा फक्त नर. मादी उडाली की बंदूक खाली.

आपल्याकडे शिकारी कुत्रा म्हटलं की मुधोळ किंवा कारवान डोळ्यांपुढे येतो. लांब पायांचा, ससा नजरेनं हेरून त्याच्यामागे सुटणारा. इथला जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर नेमका उलटा. तो नाकानं शोधतो आणि पक्षी सापडला की जागच्या जागी थिजतो. एक पाय उचललेला, शेपटी ताठ, नाक पक्ष्याच्या दिशेला. यालाच पॉइंट म्हणतात. तो कुणी शिकवत नाही, रक्तातच असतो. आपण शिकवायचं ते बाकीचं: हाकेला येणं, उभं राहणं, आवाजाला न बिचकणं, पक्षी आणून हातात देणं. यातलं जे बिघडतं, ते बहुतेक वेळा माणसाच्या घाईनं बिघडतं.

पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं घरी येतं. त्या दिवशीच घरातल्या सगळ्यांनी शब्द ठरवून टाकावेत. मराठी घरात हा घोळ हमखास होतो: आई ‘ये रे’ म्हणते, बाबा ‘कम’, मुलं ‘हियर’, आजी नुसतं ‘यू यू’. पिल्लाच्या लेखी हे चार वेगळे आवाज असतात, म्हणून एका कामाला एकच शब्द. इथले लोक उभं राहण्यासाठी ‘व्हो’ म्हणतात. तो ‘नो’सारखाच ऐकू येतो आणि कुत्रा गोंधळतो. आपल्या ‘थांब’ला ही अडचण नाही, तोच खुशाल वापरावा. कुत्र्यांच्या परीक्षेत भाषेला गुण नसतात.

पहिले दोन-तीन महिने प्रशिक्षण असं काही करायचंच नाही. रोज वीस मिनिटं मोकळ्या गवतात पिल्लाला न बांधता चालायचं आणि गप्प राहायचं. सारखी हाक मारली की पिल्लू आपल्याकडे लक्ष देणं सोडतं, कारण आपण कुठे आहोत ते त्याला आवाजावरून कळतच असतं. गप्प राहून मध्येच दिशा बदलली किंवा गवतात खाली बसलो, तर ते भांबावून शोधत येतं. मग कौतुक करायचं. मागे वळून बघायची ही सवय पुढे पाऊणशे मीटरवरून उपयोगी पडते. हाक एकदाच मारायची, आणि ती मोडली तर आणता येईल अशीच वेळ निवडायची. त्यासाठी नऊ मीटरची दोरी पट्ट्याला लावून जमिनीवर फरफटत ठेवतात. पकडायला कुत्र्यामागे धावू नये. त्याला तो खेळ वाटतो आणि त्यात तोच जिंकतो.

वस्तू आणून देण्याचा खेळ घराच्या बोळात, एका टोकाचं दार लावून. गुंडाळलेला मोजा तीन-चारदा फेकायचा आणि पिल्लाला अजून हवा असतानाच थांबायचं. तोंडातून हिसकावलं की ते पुढच्या वेळी लांब उभं राहून चघळत बसतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात पडतात आणि हिरड्या दुखतात, तेव्हा हा खेळ बंद.

आता पक्षी. गळाच्या काठीला दोरीनं पंख बांधून पिल्लासमोर नाचवला की ते लगेच पॉइंट करतं, फोटोही सुरेख येतो. हे दोन-चारदा केलं तर हरकत नाही. रोज केलं तर कुत्रा डोळ्यांनी शिकार करायला शिकतो आणि त्याला नाक आहे हे विसरतो. खरा अभ्यास कबुतरांवर होतो. शेतकऱ्यांच्या कोठारातली कबुतरं कुणालाच नको असतात, आणि पाळलेली घरपरतीची कबुतरं उडून पुन्हा खुराड्यात येतात. कबुतर स्प्रिंगच्या पेटीत ठेवून पेटी गवतात लपवायची; हातातलं बटण दाबलं की झाकण उघडून पक्षी वर फेकला जातो.

इथे सगळा खेळ वाऱ्याचा आहे. वाळलेलं गवत चुरगाळून हवेत सोडा आणि वारा कुठून येतोय ते बघा. कुत्र्याला पेटीच्या दिशेनं सरळ न नेता वाऱ्याला आडवं न्यायचं. मग तो वासाच्या पट्ट्यात शिरतो आणि मान झटकन वळते. तो उभा राहिला तर चांगलंच. पुढे सरकला तर त्याच क्षणी पक्षी उडवायचा. ओरडायचं नाही, दोरी खेचायची नाही. पुढे गेलं की पक्षी जातो, हे त्याला पक्ष्याकडूनच कळू द्यावं. पेटीपासून तीन-चार मीटरच्या आत पिल्लू गेलं असेल तर मात्र बटण दाबू नये. तोंडासमोर खाडकन उघडलेली पेटी एकदाच पुरते, मग ते पक्ष्याचा वास आला की बाजूनं निघून जातं. हा दोष घालवायला महिने लागतात.

बंदुकीच्या आवाजाची ओळख याच कबुतरांबरोबर करून द्यायची. पिल्लू उडालेल्या पक्ष्यामागे जीव तोडून पळत असताना सोबत्यानं नव्वदेक मीटरवरून लहान, कोऱ्या म्हणजे नुसताच आवाज करणाऱ्या काडतुसाचा एकच बार काढायचा. कान हलले नाहीत तर पुढच्या खेपेला थोडं जवळून. शेपटी खाली गेली तर बंदूक काही आठवडे कपाटात आणि नुसते पक्षी. ‘सवय व्हावी’ म्हणून पिल्लाला नेमबाजीच्या मैदानावर नेणं हा खात्रीचा नाश आहे. चार जुलैच्या आतषबाजीला आणि मंडळाच्या दिवाळीतल्या फटाक्यांनाही त्याला घरातच ठेवा. आवाजाला भिणारी बहुतेक कुत्री जन्मतः तशी नसतात, ती तशी केली जातात.

‘थांब’ आठव्या-दहाव्या महिन्यानंतर, आणि पक्ष्यांपासून लांब. साठ बाय नव्वद सेंटीमीटरची फळी चार बोटं उंच ठेवायची. कडा पायाला कळते, त्यामुळे कुठे उभं राहायचं ते कुत्र्याला समजतं. आधी पाच सेकंद, मग दहा, मग आपण त्याच्याभोवती फेरी मारायची, मग टोपी फेकायची. फळी काढूनही तो उभा राहू लागला की मगच पक्ष्यांसमोर हा शब्द उच्चारायचा. विजेचा पट्टा इथे सर्रास वापरतात. वापरायचाच तर कुत्र्याला आधीच पाठ असलेल्या आज्ञेसाठी, कान जेमतेम हलेल इतक्या कमी पातळीवर, आणि पक्ष्याच्या आसपास कधीही नाही. झटका आणि पक्ष्याचा वास यांची त्याच्या डोक्यात एकदा गाठ बसली की ती सुटत नाही.

बंदूक चालवायची नसेल तरी हे सगळं करता येतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशन ही १९६९ पासूनची संस्था आहे. तिची उपजत गुणांची परीक्षा सोळा महिन्यांपर्यंतच्या कुत्र्यांसाठी असते. एकूण गुण ११२, त्यातले २४ एकट्या नाकाचे. वीसेक मिनिटं शेतात शोध, फेझंटचा पायी माग आणि पाण्यात दोनदा पोहणं. यात एकही पक्षी मारत नाहीत. बंदूक वाजते ती फक्त कुत्रा दचकतो का ते पाहायला.

मिनेसोटात शिकारीलाच जायचं असेल तर परवाना आणि त्यावर फेझंटचा स्टॅम्प लागतो. ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना बंदूक सुरक्षेचं प्रमाणपत्रही. एच-वन व्हिसावर असणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं: तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. मित्राची बंदूक हातात घेण्याआधी हे वकिलाकडून तपासून घ्या.

पहिल्या हंगामात मोह होतो तो एकच. कुत्र्यानं पॉइंट मोडून पक्षी उडवला, नर आहे, बंदुकीच्या टप्प्यात आहे. मारू नका. तो पडला तर कुत्र्याच्या दृष्टीनं धावणंच बरोबर ठरतं आणि फळीवरचे तीन महिने वाया जातात. सोबत्यांनाही हे गाडीतून उतरण्याआधीच सांगून ठेवा. पॉइंटवरच्या कुत्र्याकडे मागून न जाता बाजूनं, त्याला दिसेल असं चालत जा. आणि पक्ष्याच्या खाली आकाश दिसत नसेल तर बार नाही, कारण कुत्रा उडी मारतो.

दिवस संपला की बोटं घालून कुत्रा चाचपायचा: पायाच्या बोटांमधल्या फटी, काखा, कान, पापण्यांच्या आत. कॅनडा वाइल्ड रायसारख्या गवतांची कुसळं उलट्या काट्यांची असतात. ती आत शिरतात, पुढेच सरकतात आणि महिन्यांनी बरगडीजवळ गळू होऊन प्रकटतात. मिठाच्या पाण्यानं डोळे धुवावेत.

आणि स्कंक. मांजराएवढा हा काळापांढरा प्राणी शेपटीखालून असा फवारा सोडतो की गाडी विकावीशी वाटते. टोमॅटोच्या रसानं काही होत नाही. तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे एक लिटर, पाव कप खाण्याचा सोडा आणि दोन चमचे भांडी घासायचा द्रव साबण एकत्र करून लगेच चोळा. डोळे सांभाळा, पाच मिनिटांनी धुऊन टाका. उरलेलं मिश्रण बाटलीत भरून ठेवू नका, वायू साठून ती फुटते.