पडद्याची स्प्रिंग, दिवाण आणि जो मीक : तीन महिन्यांची नोंद

जून

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करण्याचा नाद लागल्यापासून माझी खरेदी वाढत गेली आणि काम मात्र जिथल्या तिथे राहिले. म्हणून या पावसाळ्यात नवे काहीही विकत घ्यायचे नाही आणि एकाच माणसाच्या कामाचा माग काढत बसायचे, असे ठरवले. तो माणूस म्हणजे इंग्लंडचा जो मीक. ग्लॉस्टरशरमधल्या न्यूएंट या लहानशा गावात १९२९ साली जन्मलेल्या मीकने हवाई दलातल्या सक्तीच्या सेवेत रडारचे काम केले, काही काळ वीज मंडळात नोकरी केली आणि नंतर लंडन गाठून आयबीसी या स्टुडिओत ध्वनिमुद्रक म्हणून जम बसवला. त्याला कोणतेही वाद्य धड वाजवता येत नव्हते, स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती. चाल सुचली की हाताशी असलेल्या एखाद्या ठेक्यावर ती तो गुणगुणून टेपवर उतरवी आणि त्या काहीशा बेसूर गुणगुणण्यातून नेमके काय काढायचे, हे वादकांनी ओळखायचे. माझ्या मते मीकला समजून घेण्याची किल्ली इथेच आहे. ज्याला कागदावर चाल मांडता येत नाही, त्याच्यासाठी मायक्रोफोन, टेप आणि खोलीचा घुमारा हीच लेखणी होते, आणि मग गीतरचना कुठे संपली व तंत्र कुठे सुरू झाले, हे सांगता येत नाही.

सुरुवात १९५६ सालच्या ‘बॅड पेनी ब्लूज’पासून केली. हम्फ्री लिटलटन या जॅझ वादकाच्या या ध्वनिमुद्रिकेत मीकने पियानोच्या डाव्या हाताचा आवाज दाबून, फुगवून इतका पुढे आणला, की खर्जातला ठेका हाच त्या रचनेचा नायक झाला. लिटलटनला हा प्रकार रुचला नव्हता, पण लोकांना रुचला आणि तबकडी खपली. माझ्याकडे पियानो नाही. भाच्याचा तबला आहे. डग्ग्यापासून चार बोटांवर मायक्रोफोन ठेवला, मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारा कम्प्रेसर भरपूर चढवला आणि ठोक्यामागून येणारा घुमारा ठोक्याइतकाच मोठा होईपर्यंत हात आवरला नाही. भाच्याने ऐकून ‘मामा, हा माझा तबला नाही’ असे सांगितले. लिटलटनची तक्रार साधारण हीच असावी. तरीही मुद्रण ठेवून दिले आहे.

जुलै

मध्यंतरीची वर्षे भराभर वाचून काढली. निर्माता डेनिस प्रेस्टनच्या लॅन्सडाउन स्टुडिओची उभारणी, तिथून खटके उडून बाहेर पडणे, १९६० साली काढलेली ट्रायम्फ ही स्वतःची कंपनी. त्या कंपनीचे ‘अँजेला जोन्स’ हे गाणे ब्रिटनच्या खपाच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढले, पण मागणीइतक्या तबकड्या वेळेवर दुकानांत पोहोचल्या नाहीत. यानंतर मीकने जे केले ते त्या काळी वेडेपणाचे मानले गेले असणार : उत्तर लंडनमध्ये ३०४ होलोवे रोड या पत्त्यावर, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरची जागा भाड्याने घेऊन राहत्या घरातच त्याने स्टुडिओ थाटला आणि तयार मुद्रण मोठ्या कंपन्यांना विकू लागला. मोठ्या कंपन्यांच्या स्टुडिओंत तेव्हा ध्वनिमुद्रकांचे कामही शिस्तीने बांधलेले असे. इथे एकच माणूस चाल रचत होता, गायक निवडत होता आणि तारा डकवत होता.

१९६१ साली पहिल्या क्रमांकावर गेलेल्या ‘जॉनी रिमेंबर मी’चे मुद्रण याच घरात झाले. गाणे जेफ गॉडार्डचे, गायक जॉन लेटन. लेटन पडद्याआड उभा, व्हायोलिनवाले जिन्यात आणि दूरून हाक मारणारा स्त्रीचा आवाज न्हाणीघरात, अशी ती मांडणी होती. न्हाणीघराचा प्रयोग मीही केला. स्पीकर कमोडच्या झाकणावर, मायक्रोफोन गीझरखाली. पहिल्या मुद्रणात एक विशिष्ट स्वर आला की कसलीतरी गुणगुण येत होती. अर्धा तास शोधल्यावर तो प्रताप रिकाम्या प्लास्टिकच्या बादलीचा निघाला. बादली बाहेर काढली, टॉवेल काढले, गळका नळ सुतळीने बांधला, तेव्हा फरशीचा तो लखलखीत, किंचित रडवेला घुमारा मिळाला. लोखंडी कपाटाइतक्या किमतीची यंत्रे जो परिणाम देतात, त्याच्या जवळपास जाणारा हा आवाज होता, असे मी नम्रपणे नोंदवतो.

जिन्याचा प्रयोग मात्र फसला. १९६४ सालच्या ‘हॅव आय द राइट?’मधला तो धाड्-धाड् ठेका द हनीकोम्ब्ज या गटाने जिन्यावर पाय आपटून उभा केला होता आणि मीकने मायक्रोफोन सायकलच्या क्लिपांनी कठड्याला अडकवले होते. मी भाच्याला आणि त्याच्या दोन मित्रांना घेऊन आमच्या इमारतीच्या जिन्यावर तेच केले. ऐकू आला तो फक्त चपलांचा आवाज. खालच्या मजल्यावरचे काका वर आले ते वेगळेच. होलोवे रोडचा जिना लाकडी होता आणि आमचा सिमेंटचा, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पाय आपटल्यावर जे वाजते ते फळीखालच्या पोकळीमुळे वाजते. शेवटी बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावरची गादी उचलली, आतली पांघरुणे काढून तो रिकामा केला, मायक्रोफोन आत सोडला आणि मुठीने फळीवर ठेका धरला. टेपचा वेग थोडा उतरवून मुद्रण करायचे आणि मूळ वेगाने वाजवायचे, ही मीकची आवडती युक्ती आहे. माझ्याकडे टेप नसल्याने संगणकावरच वेग सहा टक्क्यांनी चढवला, म्हणजे स्वर साधारण अर्ध्या पट्टीने वर गेला, आणि त्या ठेक्याला पहिल्यांदाच घाई सुटल्यासारखी वाटली.

ऑगस्ट

महिन्याचा बराचसा वेळ स्प्रिंग रिव्हर्बवर, म्हणजे स्प्रिंगच्या कंपनांतून घुमारा काढणाऱ्या यंत्रावर गेला. मीकने नादुरुस्त हीटरमधल्या स्प्रिंगपासून स्वतःचे प्रतिध्वनियंत्र बनवले होते. हार्डवेअरच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा माझ्या पुढ्यात पडद्याची स्प्रिंग आली, खिडकीला दोन हुकांवर ताणतात ती पांढरी. एका टोकाला जुन्या ट्रान्झिस्टरचा तीन इंची स्पीकर, त्याच्या कागदी शंकूला काडीने जोडलेली स्प्रिंग आणि दुसऱ्या टोकाला कंपने टिपून विजेत बदलणारी पिएझोची चकती. पहिला आवाज अगदी मेलेला आला, कारण स्प्रिंगवरचे प्लास्टिकचे आवरण कंपने गिळत होते. ब्लेडने ते आवरण सोलायला संध्याकाळ गेली, पण त्यानंतर टाळीची शेपटी तीन सेकंद रेंगाळली आणि टेबलाला धक्का लागला की वीज कडाडल्यासारखा आवाज येऊ लागला. हा दोष मला दुरुस्त करायचा नाही.

मग ‘टेलस्टार’. १० जुलै १९६२ रोजी त्या नावाचा उपग्रह अवकाशात गेला आणि अटलांटिकपलीकडचे चित्र पहिल्यांदा ब्रिटनमधल्या पडद्यावर आले, त्या भरात मीकला ही धून सुचली. टोर्नेडोज या त्याच्या वाद्यवृंदाचा उन्हाळी कार्यक्रम समुद्रकाठच्या ग्रेट यार्मथ येथे सुरू होता; मधल्या सवडीत येऊन ते वाजवून गेले आणि मुख्य धून नंतर गॉडार्डने क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या कळवाद्यावर चढवली. ऑगस्टमध्ये तबकडी निघाली, ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिली राहिली आणि अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला पहिला ब्रिटिश गट म्हणून टोर्नेडोजची नोंद झाली. क्लॅव्हिओलिन आपल्याला परके नाही : १९५४ सालच्या ‘नागिन’मधली बीन कल्याणजींनी याच वाद्यावर वाजवली होती. एका वेळी एकच स्वर काढणारे हे वाद्य मुंबईत सापाला डोलवते आणि लंडनमध्ये उपग्रहाला, यात मला अजूनही गंमत वाटते.

पुढचे वाचन जड गेले. जाँ लेद्र्यू या फ्रेंच संगीतकाराने चाल चोरल्याचा दावा लावला आणि मानधनाची रक्कम अडकली. समलिंगी संबंध गुन्हा मानले जात असलेल्या त्या काळात १९६३ साली मीकला अटक झाली आणि बातमी छापून आली. बीटल्स आल्यावर त्याचा आवाज जुना वाटू लागला, त्याला सर्वत्र चोरून ऐकणारे दिसू लागले. ३ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याने घरमालकीण व्हायोलेट शेंटन यांना गोळी घातली आणि मग स्वतःला. दावा त्याच्या बाजूने निकाली लागला तो साधारण तीन आठवड्यांनी. अनेक लेखांत या शेवटाला प्रतिभेच्या वेडाची झालर लावलेली असते. त्या बाईंचा त्यात काय दोष होता, हे मात्र एका ओळीतही येत नाही. त्याच्या घरातून निघालेल्या सुमारे १,८५० टेप चहाच्या खोक्यांत अनेक दशके पडून होत्या आणि २०२० साली चेरी रेड या कंपनीने त्या घेतल्या.

सध्याची स्थिती अशी. दिवाणाचा ठेका, डग्गा आणि स्प्रिंग एकत्र बसले आहेत. धून जुन्या कीबोर्डवर वाजवली, पण तिचा कंप फार नियमित येतो. चकतीवर बोट टेकवून तो बिघडवून पाहायचा आहे. दोन सप्तकांतले आवाज एकमेकांवर चढवणे बाकी आहे. दिवाण परत भरून ठेवला, कारण गणपतीला पाहुणे येणार आहेत आणि पांघरुणे गेला महिनाभर माझ्या टेबलाखाली होती.