काल निळा, आज लाल

सध्या सुट्टीवर ठाण्यात आलोय. काल संध्याकाळी तलावपाळीला बाबांबरोबर बसलो होतो तर त्यांनी स्वतःहून जपानमधल्या हाकोनेचा विषय काढला, दीड वर्षात पहिल्यांदा. म्हणून आता लिहितो, इतके दिवस त्यांच्या तोंडून निघाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आई-बाबा आमच्याकडे टोकियोला आले होते. बाबांना गरम पाण्याच्या कुंडांचं भारी वेड. लहानपणी आजोबा त्यांना एसटीने वज्रेश्वरीला न्यायचे, आधी देवीचं दर्शन, मग कुंडात अंघोळ, आणि वसई घेतल्यावर, म्हणजे १७३९ नंतर, चिमाजीअप्पांनी ते देऊळ कसं बांधलं हे बाबा आजही सांगणार म्हणजे सांगणारच. तर मीच ठरवलं ह्यांना हाकोनेला न्यायचं, टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनहून रोमान्सकार नावाच्या ट्रेनने दीड तासही लागत नाही, एक रात्र र्योकानमध्ये राहायचं. र्योकान म्हणजे जुन्या पद्धतीचं जपानी हॉटेल, चटईच्या खोलीत जमिनीवर गाद्या आणि खाली ओन्सेन, गरम झऱ्याच्या पाण्याचे हौद.

ओन्सेनमध्ये अंगावर काही न घालता उतरायचं असतं, हे बाबांच्या गळी उतरवायला मला आठवडा लागला. आपल्याकडे निदान पंचा तरी असतो. रात्री नऊला दोघं गेलो. सगळं नीट समजावलं, आधी छोट्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, घालताना डावी बाजू वर यायला हवी, उजवी वर फक्त मृत माणसाची असते. बाबा गळ्यापर्यंत पाण्यात बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आपले अण्णा असायला हवे होते रे आज." अण्णा म्हणजे माझे आजोबा.

एवढं सगळं सांगितलं आणि एकच राहिलं. दारावर कापडी पडदा असतो, नोरेन म्हणतात त्याला, पुरुषांचा बहुतेक निळा, बायकांचा लाल. दोन बाजूंचे हौद वेगवेगळे बांधलेले असतात, एकीकडे दगडी, दुसरीकडे लाकडी वगैरे, आणि मुक्कामाला आलेल्या सगळ्यांना दोन्ही मिळावेत म्हणून बऱ्याच र्योकानमध्ये रात्रीतून पडदे अदलाबदल करतात. काल जे पुरुषांचं ते सकाळी बायकांचं. चेक-इनला काउंटरवरच्या बाईंनी मला हे सांगितलं होतं, मी हो हो म्हटलं, मला ते सवयीचं झालेलं, आणि बाबांना सांगायचं राहून गेलं.

बाबा पहाटे पाचला उठणारे. आम्ही सगळे झोपेत. चष्मा वाफेने धुरकट होतो म्हणून खोलीतच ठेवला आणि काल डावीकडचं दार होतं म्हणून आजही डावीकडच्याच दारातून आत गेले.

आत कपडे बदलायच्या खोलीत दोन वयस्कर बायका होत्या. नशिबाने दोघी युकातात होत्या. एक जण दचकून ओरडली, बाबांनी तिथल्या तिथे हात जोडले आणि पाठ फिरवून बाहेर आले. पण खोलीत आलेच नाहीत. मी सहाला शोधायला गेलो तर कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर भिंतीकडे तोंड करून बसलेले, हातात तो छोटा पांढरा टॉवेल, त्याची घडीवर घडी घालत घालत मुठीएवढा केलेला. मला बघून पहिलं वाक्य काय, तर "तुझ्या नोकरीला काही त्रास नाही ना व्हायचा?" अडुसष्ट वर्षांचा माणूस, चाळीतल्या गॅलरीत अर्धं आयुष्य काढलं पण येताजाता कुणाच्या उघड्या दारात डोकावला नाही कधी. मला इतकं तुटल्यासारखं झालं. चूक पूर्ण माझी होती आणि मान खाली त्यांनी घातली होती.

नाश्ता नको म्हणाले. "आधी त्या बायकांची माफी मागायचीय, तू फक्त त्यांच्या भाषेत सांग." आईने काही न बोलता बॅगेतून गोखले रोडवरून आणलेल्या चिवड्याचं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. नाश्त्याच्या हॉलमध्ये त्या दोघी दिसल्या. पडदे बदलतात हे मी वडिलांना सांगितलं नाही, असं मी म्हटलं, आणि बाबा कमरेतून वाकले. त्या दोघीही उठून वाकल्या. एक म्हणाली, माझ्या नवऱ्याने पण असंच केलं होतं एकदा, आणि त्याला तर वाचता येत होतं. मी ते मराठीत सांगितलं, बाबा हसले नाहीत, पण त्यांचे खांदे जरा सैल झाले.

दुपारी ओवाकुदानीला गेलो, तिथे गंधकाच्या गरम पाण्यात उकडून काळी झालेली अंडी मिळतात, एक खाल्लं की सात वर्षं आयुष्य वाढतं म्हणतात. शनिवार म्हणून आईने हात लावला नाही. सकाळपासून उपाशी असलेल्या बाबांनी दोन खाल्ली, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

तर काल तलावपाळीला बाबांचे एक मित्र भेटले, मुलाकडे जपानला चाललेत. बाबांनी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं, भेळेच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर दोन जपानी अक्षरं काढली आणि समजावायला लागले, "हे बघा, वर शेत, खाली ताकद, हे पुरुषांचं. हे दुसरं बायकांचं. रंगावर जाऊ नका, दारावर नका जाऊ, रात्रीतून बदलतात ते. रोज चष्मा लावून वाचायचं आणि मगच आत जायचं." मग झालेलं सगळं सांगितलं, काही न लपवता. ती अक्षरं ते कधी शिकले, मला माहीतच नव्हतं.