पावसाचा रविवार, तंबूतला दिवस

श्रावण. रविवार, रात्र.

आज खेळ झाला जेमतेम दीड तास. बाकी दिवसभर पाऊस, आणि आम्ही सगळे तंबूत. मुंबईच्या कांगा क्रिकेट लीगमध्ये असे रविवार येणारच. १९४८ साली ही स्पर्धा सुरू झाली ती मुळी पावसातच खेळायची म्हणून. खेळपट्टी झाकायची नाही, गवत वाढलेलं, चेंडू जमिनीलगत मारला तर थोड्याच अंतरावर रुतून बसतो. धावा हव्यात तर उचलून मारायला लागतं आणि उचलून मारलं की झेल जातो. अशा विकेटवर पंचवीस धावा काढून आलेल्या पोराला तंबूत बसायला खुर्ची मिळते, उठून दिलेली. आज आमच्या सलामीच्या पोराला मिळाली. एकोणीस वर्षांचा आहे, तो संकोचला. ज्यांनी खुर्ची दिली ते सत्तरीचे आहेत आणि एकेकाळी ‘ए’ डिव्हिजन, म्हणजे लीगचा सगळ्यात वरचा गट, खेळलेत.

खेळाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहावंसं वाटतं ते या तंबूबद्दल. क्लब म्हणजे काय, तर माझ्या मते हाच. इथे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक आता खेळत नाहीत. गुडघे गेलेत, पोरं परदेशी आहेत, पण रविवारी सकाळी पांढरा शर्ट घालून हजर. त्यांना कुणी बोलावत नाही आणि कुणी का आलात म्हणूनही विचारत नाही. नवीन पोरगं आलं की ते त्याचा ग्रिप बघतात, आडनाव विचारतात, शाळा विचारतात, आणि दुसऱ्या रविवारपर्यंत त्याला एक टोपणनाव चिकटलेलं असतं. सुनील गावस्करांना ‘सनी’ हे नाव वासू परांजपे यांनी दिलं असं सांगतात, तेही दादर युनियन या क्लबातल्या सहवासातलं. आपलं नाव क्लबनं ठेवलं की माणूस क्लबचा झाला.

दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्या चुरशीच्या गोष्टी आजही निघाल्या. एकीकडे गावस्कर, वेंगसरकर, दुसरीकडे वाडेकर, संदीप पाटील. दादर युनियनचे कप्तान माधव मंत्री यांच्या शिस्तीचा विषय निघाला की म्हातारे आपोआप ताठ बसतात. वेळेच्या आधी मैदानावर, कपडे स्वच्छ, कुरकुर नाही. मुंबईनं १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वेळा रणजी जिंकली, त्या जिंकण्याची तालीम अशा रविवारी होत होती, हे माझं पक्कं मत आहे.

आज पाऊस थांबला तेव्हा मी स्कोअरर काकांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांचं काम बघत राहावंसं वाटतं. प्रत्येक गोलंदाजासाठी वेगळ्या रंगाचं पेन, म्हणजे कुठला चेंडू कुणाचा ते फलंदाजाच्या ओळीतही कळतं. निर्धाव षटक झालं की सहा टिंबं जोडून ‘एम’ काढायचा, त्याच षटकात विकेट पडली असेल तर ‘डब्ल्यू’. अंपायरनं बायची, म्हणजे बॅटला न लागता निघालेल्या धावेची, खूण केली की काका बसल्या जागेवरून हात वर करतात. तो हात दिसेपर्यंत अंपायर पुढचा चेंडू टाकू देत नाही. षटक संपलं की बाजूला बसलेल्या समोरच्या संघाच्या स्कोअररला विचारतात, “एकतीसला तीन?” तो म्हणतो, “बरोबर.” मैदानात दोन्ही टीम एकमेकांवर तुटून पडलेल्या, आणि हे दोघे एका टेबलाशी, एका छत्रीखाली, एकाच डब्यातली शंकरपाळी खात. एकाचा आकडा चुकला तर दुसरा हळूच दाखवून देतो. त्यात हार-जीत आणत नाहीत.

मग चहा आला. कागदी कप, ट्रे फिरला, माळीमामांपासून दोन्ही कप्तानांपर्यंत सगळ्यांनी उचलला. मला अशा वेळी बाळू पालवणकर आठवतात, आज जरा जास्तच आठवले. पुण्यात मैदानावर काम करता करता डावखुरी फिरकी शिकलेला हा चांभार समाजातला माणूस, धर्मावर संघ पडायचे त्या काळात, हिंदू संघासाठी विकेटा काढायचा. पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. बाकीचे आत चिनी मातीच्या कपांतून पीत. चेंडू सगळे त्याच्याच हातून झेलत होते. १९११ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा सगळ्यात जास्त विकेटा बाळूंच्या होत्या. त्याच संघात डॉ. होरमसजी कांगा होते, ज्यांच्या नावानं आम्ही आज भिजत बसलो होतो. पुढे १९२३ मध्ये बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. मधल्या काळात किती अपमान गिळावे लागले असतील. म्हणून चहाचा ट्रे एकच असणं मला साधी गोष्ट वाटत नाही. लोकांनी ती मिळवलेली आहे.

हे सगळं आज इतकं डोक्यात घोळायला कारणही आहे. कमिटीतल्या काहींचं म्हणणं आहे की सामन्याचं जेवण बंद करावं, खेळाडूंना पाकिटं द्यावीत, बाकीच्यांनी आपापलं बघावं. खर्च वाचेल, वेळ वाचेल. खर्चाचं मला कळतं, वर्गणी पुरत नाही हे खरं आहे. पण पाकीट हातात आलं की पोरं बाइकवर बसून मोबाइलमध्ये डोकं घालून खाणार. सत्तरीचे काका पाकीट मिळणार नाही म्हटल्यावर दुपारीच घरी जाणार. समोरच्या टीमशी बोलणं अंपायरकडे अपील करण्यापुरतं उरणार. आज पाऊस पडत असताना आमच्या ऑफस्पिनरला समोरच्या टीमच्या जुन्या गोलंदाजानं बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं, वरणभाताचं ताट मांडीवर ठेवून, उष्ट्या नसलेल्या हातानं. ते कुठल्या कोचिंगच्या फीमध्ये बसणार?

बुधवारी मीटिंग आहे. मी दोन गोष्टी मांडणार. एक, जेवण साधं करा, वरण-भात-भाजी पुरे, गोड नको, पण एकत्रच ठेवा. दोन, जे खेळत नाहीत त्यांच्याकडून जेवणाचे पैसे घ्या, माझ्यापासून सुरुवात करा. स्कोअरर, अंपायर आणि माळीमामा यांच्याकडून मात्र काही घ्यायचं नाही. स्कोअरर काकांशी बोललो, ते मीटिंगला येतो म्हणालेत. जुन्या स्कोअरबुकांच्या मागच्या पानांवर जेवणाचे हिशेब लिहिलेले आहेत, ते घेऊन येणार आहेत.