‘मुदत’मधला उकार

एका पतसंस्थेच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात शाखेतून निरोप आला, की एक निवृत्त शिक्षक ‘मदत’ असे लिहिलेले बटण दाबतात आणि दर वेळी ठेवींच्या पानावर जाऊन पोहोचतात. आमच्याकडे त्या नावाचे बटणच नव्हते, त्या पानाला आम्ही ‘साहाय्य’ म्हटले होते. त्यामुळे त्यांचाच गोंधळ होत असावा असे धरून सहकाऱ्यांनी तक्रार बंद केली. मला ते पटले नाही आणि मी त्यांच्या घरी गेले.

सरांनी क्रोममध्ये अक्षरांचा आकार ‘खूप मोठा’ ठेवला होता, म्हणजे नेहमीच्या १६ पिक्सेलऐवजी २४. पडद्यावर खरोखरच ‘मदत’ दिसत होते. मूळ शब्द होता ‘मुदत’, आणि त्यातला उकार कापला गेला होता.

दोष माझ्या कामातला होता. वर्षभरापूर्वी मी सगळ्या अक्षरांची मापे पिक्सेलमधून रेममध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत मोजणाऱ्या एककात आणली, जेणेकरून वाचकाने ब्राउझरमध्ये निवडलेला आकार पानाने मानावा. त्या कामाचा मला अभिमान होता. परंतु बटणांतल्या मजकुराची चौकट आणि ओळीची उंची मात्र २४ पिक्सेलवरच राहिली, आणि चौकटीबाहेर जाईल तो भाग लपवण्याची आज्ञाही तशीच राहिली. सोळाच्या अक्षराला ती जागा पुरत होती. चोवीसच्या देवनागरी अक्षराला, ज्याला शिरोरेषेवर वेलांटी-अनुस्वारासाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते, ती पुरणे शक्य नव्हते. मजकूर २०० टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुप्पट मोठा केला तरी काही हरवता कामा नये, हा सुगम्यतेचा, म्हणजे संकेतस्थळ सर्वांना वापरता यावे यासाठीचा निकष २००८ पासून लिहून ठेवलेला आहे. आम्ही तो तपासलाही होता, पण इंग्रजी पानावर, जिथे ‘डिपॉझिट्स’ या शब्दाच्या रोमन अक्षरांना फारसा धक्का लागला नाही. मराठी मजकूर शेवटच्या आठवड्यात आणून ओतायचा, ही आमच्या व्यवसायातली सवय मला अक्षम्य वाटते.

दुरुस्ती तासाभराची होती: ठरावीक उंचीऐवजी किमान उंची, तीही रेममध्ये, ओळीची उंची एककाविना १.६, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या १.६ पट, कडेची मोकळी जागा अक्षराच्या मापात. त्या रात्री मी प्रत्येक पान दुप्पट आकारात पुन्हा वाचले, तेव्हा जुन्या पानांवर ‘मूळ रक्कम’ची ‘मळ रक्कम’ झालेली सापडली.

सर मात्र माझीच क्षमा मागत होते. ‘डोळे गेले आता, तुम्हाला उगाच त्रास,’ असे ते दोनदा म्हणाले, आणि त्यांचे डोळे अगदी बरोबर वाचत होते हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला.

ठेवींच्या पानावर वर्षभर वाढलेल्या भेटी म्हणजे योजनेला मिळालेला प्रतिसाद, असे आमच्या बैठकीत सांगितले गेले होते. त्यांतले किती जण मदत शोधत तिथे आले होते, हे त्या आकड्यांतून आता वेगळे काढता येत नाही.