‘आणखी?’

आठवीत असताना विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर गुळाचा खडा ठेवायला लावला आणि मुंगीला वाट कशी सापडते ते पाहून वहीत लिहा, एवढेच सांगून त्या बाजूला झाल्या. थोड्याच वेळात मुंग्यांची रांग लागली. मी रांगेच्या मधोमध फरशीचा वीतभर भाग ओल्या फडक्याने पुसला. दोन्हीकडच्या मुंग्या त्या जागेशी येऊन घुटमळल्या, मागे फिरल्या. काही मिनिटांनी एक मुंगी पलीकडे गेली, तिच्यामागून दुसरी गेली आणि तुटलेली रांग पुन्हा सांधली गेली. ‘मुंगी वासाने वाट शोधते,’ असे मी ठळक अक्षरांत लिहिले. बाईंनी त्याखाली लाल शाईने एकच शब्द लिहिला: ‘आणखी?’

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथेच बसलो, तेव्हा एकेकटे फिरणारे मोठे काळे मुंगळे पुसलेल्या जागेवरून न थबकता भिंतीकडे निघून जाताना दिसले. मी ते लिहून ठेवले, पण त्याचा अर्थ मला लागला नाही आणि बाईंनीही तो सांगितला नाही. पुढे प्राणिशास्त्र शिकलो, महाविद्यालयात तोच विषय शिकवू लागलो, तरी तो लाल शब्द सोबत राहिला.

त्याच्या उत्तराचा पहिला धागा मला चार्ल्स हेन्री टर्नर यांच्या कामात सापडला. या आफ्रिकन-अमेरिकन संशोधकाने १९०७ मध्ये शिकागो विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली, तीही मुंग्या घरी कशा परततात याच विषयावर. मुंग्यांना पुठ्ठ्याच्या मंचावरून उतरणीने वारुळाकडे जाण्याची सवय लागल्यावर त्यांनी एका बाजूचा दिवा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला, आणि मुंग्यांची दिशा चुकली. म्हणजे केवळ वास नव्हे, प्रकाशही त्यांना वाट दाखवत होता. हे टर्नर १९०८ पासून सेंट लुईसच्या समनर हायस्कुलात शिक्षक होते आणि शाळेत शिकवता शिकवताच त्यांनी कीटकांवरचे आपले बरेचसे संशोधन केले, हे मला आजही फार मोलाचे वाटते.

१९११ मध्ये ट्युनिशियातील कैरूआन इथे राहणाऱ्या फेलिक्स सांची या स्विस डॉक्टरांनी परतीच्या वाटेवरच्या मुंग्यांवर सावली धरली आणि आरशाने सूर्य उलट बाजूने दाखवला. मुंग्या वळल्या आणि विरुद्ध दिशेला चालू लागल्या. त्याच देशाच्या वाळवंटात ‘कॅटाग्लिफिस’ ही मुंगी भर उन्हात मेलेले कीटक शोधत शंभर मीटरहूनही दूर जाते. तापलेल्या वाळूवर वासाची वाट टिकत नाही. जाताना ती वेडीवाकडी भटकते, पण भक्ष्य मिळाल्याबरोबर सरळ रेषेत बिळाकडे धावते. अशा वेळी तिला उचलून दुसरीकडे ठेवले, तर मूळ जागेवरून ज्या दिशेने आणि जितके अंतर चालायचे होते तितकेच ती चालते आणि मग जिथे बीळ असायला हवे होते तिथे घिरट्या घालत ते शोधू लागते. दिशा तिला सूर्यावरून आणि डोळ्यांच्या वरच्या कडेने टिपल्या जाणाऱ्या आकाशातील ध्रुवीकृत (म्हणजे एका ठरावीक दिशेतच कंप पावणाऱ्या) प्रकाशावरून कळते. पण अंतर?

त्याचे उत्तर माथियास विटलिंगर, रुडिगर वेनर आणि हाराल्ड वोल्फ यांनी २००६ मध्ये दिले, आणि तो निबंध मी वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. मुंग्यांना दहा मीटर चालवून अन्नापर्यंत नेल्यावर त्यांनी काहींच्या पायांना डुकराच्या राठ केसांचे तुकडे चिकटवून पाय उंच केले, काहींचे पाय आखूड केले. परतताना उंच पायांच्या मुंग्या घर ओलांडून सुमारे १५ मीटरपर्यंत गेल्या. आखूड पायांच्या सहा मीटरांच्या आतच थांबून घर शोधू लागल्या. बदललेल्या पायांनीच पुन्हा घरातून निघून परतल्यावर मात्र त्यांचा अंदाज बरोबर आला. मुंगी पावलांचा हिशेब ठेवत होती.

त्याच वर्षी ब्रिस्टल विद्यापीठाच्या नायजेल फ्रँक्स आणि टॉम रिचर्डसन यांनी खडकांच्या भेगांत राहणाऱ्या चिमुकल्या मुंग्यांमधील शिकवण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अन्नाची जागा ठाऊक असलेली मुंगी अनभिज्ञ मुंगीला मागे घेऊन निघते. मागची मधेच थांबून वळसे घेत परिसर ओळखून घेते, तोवर पुढची थांबून राहते आणि मागचीने स्पृशांनी, म्हणजे डोक्यावरच्या मिशांनी, तिला स्पर्श केल्यावरच पुढे सरकते. पुढची एकटी असती तर ती सुमारे चौपट वेगाने पोहोचली असती. वर्गात हा भाग शिकवताना मला दर वेळी व्हरांड्याच्या खांबाशी काही न बोलता उभ्या असलेल्या बाई दिसतात.

आज आठवीतले कोणी विचारील, तर व्हरांड्यातल्या त्या मुंगळ्यांनी भिंतीची कड ओळखली की वरून येणारा उजेड, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. ते त्याच फरशीवर पुन्हा पाहावे लागेल. हीरकमहोत्सवी प्रदर्शनासाठी माझी ती वही मी शाळेकडे पाठवली आहे. तिचे तिसरे पान उघडून ठेवावे, आणि शक्य झाल्यास शेजारी गुळाचा एक खडाही ठेवावा.