तिनाला शेपटी

पेटी केस, म्हणजे दंडावर मिटणारी किरकोळ केस, लढवायला निघालेला अशील वकिलाला परवडत नाही. ऐकायला बरं वाटणार नाही, पण सांगलीच्या कोर्टात बावीस वर्षं काढून सांगतोय. जुगाराची धाड, दारूची कलम ६५-ई ची, चौकात दंगा केला म्हणून कलम ११०-११७ ची, लायसन्स नसताना चालवलेली टू-व्हीलर, आणि कारखान्यांची धुराडी पेटली की मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. ह्या सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीच्या आत मोकळं व्हायचं असतं. वकीलपत्र, पुकारा, "कबूल आहे साहेब", दंडाची पावती, बाहेर येऊन चहा. आमची फीसुद्धा त्याच हिशेबाची. अशा बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या केसेसच्या यादीत, कुणी "कबूल नाही" म्हटलं की पट्टेवाल्यापासून सरकारी वकिलापर्यंत सगळे मान वर करून बघतात.

आप्पांनी तेच म्हटलं.

आप्पा तासगाव तालुक्यातले. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली बरीच विजापूर मुक्कामी गाडीवर. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेबद्दल सत्कार झालेला. त्याचा बिल्ला अजून जवळ बाळगतात, पण खिशात. छातीला लावला तर लोक तिकीट मागतात म्हणे. निवृत्तीनंतर पुतण्याची पिकअप चालवतात, द्राक्षाच्या दिवसांत तर रात्री-बेरात्रीसुद्धा.

त्यांच्या मोबाइलवर चलान आलं होतं. सकाळी दहा चाळीस, विनाहेल्मेट. नंबर त्यांच्याच काळ्या स्प्लेंडरचा. नातवाने फोटो उघडून माझ्यासमोर धरला. गाडी पाठमोरी, चालवणारा पाठमोरा, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा शर्ट. आणि माझ्यासमोर खुर्चीत आप्पा, पांढरी टोपी, पांढरा शर्ट. आमच्या भागातले साठीच्या पुढचे निम्मे पुरुष पाठीमागून असेच दिसतात, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

"आप्पा, लोकअदालतीत जाऊ. तडजोड होईल, विषय मिटेल."

"तडजोड कशाची? मी न्हवतोच तिथं."

"असं सगळेच म्हणतात."

"सगळ्यांचं मला काय म्हाईत? त्या दिवशी गाडी गॅरेजात इंजिन खोलून पडलेली."

"बिल आहे?"

"आवं, गावातलं गॅरेज. बिल कोण देतंय?"

झालं. म्हणजे कागद नाही. मी त्यांना कायदा सांगितला. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-डी, एक हजार दंड आणि वर तीन महिने लायसन्सला अपात्र. केस लढवली आणि हरलो तर दोन्ही बसणार. कलम २०० खाली तडजोडीने पैसे भरले तर ती शिक्षा नव्हे, कोर्टाने दोषी ठरवलं असं होत नाही. माझी फी दंडापेक्षा जास्त होईल, हेही सांगून टाकलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भरलं म्हंजे केलं."

नातू मध्ये पडला. त्याने ऑनलाइन तक्रार टाकली होती, ती 'फोटो तपासला, चलान योग्य' एवढ्या एका ओळीत परत आली होती. मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "आप्पा, एरवी हेल्मेट घालता का?"

"एरवीचं इचारू नका. त्या दिवशीचं इचारा."

तेव्हा मला ते उद्धट वाटलं. खरं म्हणजे आरोपीने आरोपापुरतंच बोलावं, हे मी ज्युनिअर पोरांना घसा कोरडा करून शिकवतो आणि हा माणूस ते न शिकवता बोलत होता. फोटो मी पुन्हा एकदा नातवाच्या मोबाइलवर बघितला. अंगठ्याच्या नखाएवढी नंबर प्लेट. दोन, तीन, आठ, शून्य. आरसी बुकात २३८०. जुळलं. मोबाइल परत दिला. माझं बघणं तिथे संपलं.

समन्स आलं. पहिल्या तारखेला मॅजिस्ट्रेट मॅडमनी आरोप मराठीतून वाचून दाखवला. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले आणि त्यांतल्या कलमांचे आकडे बदललेत. आरोपीला गुन्ह्याचा तपशील सांगायचं जुनं २५१ आता नागरिक सुरक्षा संहितेत २७४ झालंय, संक्षिप्त चौकशीचं २६० आता २८३. माझ्या तोंडात अजून जुनेच बसलेत. बोलताना चुकतो, मॅडम नजरेने दुरुस्त करतात. "गुन्हा कबूल आहे का?" आप्पा पिंजऱ्याच्या कठड्याला दोन्ही हात धरून उभे होते, स्टिअरिंग धरल्यासारखे. "न्हाई." रोजनाम्यावर नोंद झाली. दुसऱ्या तारखेला हवालदार बंदोबस्तात, साक्षीला आले नाहीत. तिसरी तारीख फेब्रुवारीतली.

माझी तयारी सांगतो, म्हणजे माझी लायकी कळेल. फोटो हा इलेक्ट्रॉनिक पुरावा. त्याच्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणजे जुन्या ६५-ब चं नवं रूप. ते फाइलला नव्हतं. मी ठरवलं होतं, दोन-चार प्रश्न विचारायचे, प्रमाणपत्राकडे बोट दाखवायचं, केस पाडायची. गाडी कुणाची, डोकं कुणाचं, ह्यात मला रस नव्हता. किंबहुना गाडी आप्पांचीच आहे, हे मी मनातून धरूनच चाललो होतो.

त्या सकाळी आप्पा विजयनगरला कोर्टाच्या गेटवर साडेदहालाच उभे. रात्रभर द्राक्षाच्या पेट्या पोचवून आलेले, डोळे लाल. हवालदाराला उलटतपासात दाखवायला फोटोची मोठी प्रत हवी होती, म्हणून समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. नातवाने फोटो पाठवला, पोराने तो आधी पानभर काढला, मग मीच म्हटलं, नुसती प्लेट मोठी कर. कशासाठी म्हटलं ते आजही नीट सांगता येत नाही. मशिन गरम होतं, कागद गरम गरम बाहेर आला. मी पैसे द्यायला पाकीट काढतोय तोवर आप्पांनी तो कागद उचलून लांब धरला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना हातभर लांबचं चांगलं दिसतं.

"वकीलसाहेब, ह्या तिनाला शेपटी हाय."

मला वाटलं शाईचा डाग असेल.

"इंग्रजी तिनाला शेपटी नसती. हा आपला तीन हाय."

मी कागद घेतला. प्लेटवरची वरची ओळ इंग्रजीत, नियमाप्रमाणे. खालचे चार आकडे पेंटरने हौसेने वळणदार काढलेले. तीन खाली येऊन संपत नव्हता, त्याला बारीक शेपटी फुटून ती उजवीकडे गेली होती. मग दोनाकडे बघितलं. इंग्रजी दोनाला खाली सपाट पाट असतो, ह्याला तो नव्हता, नुसती तिरपी रेघ खाली उतरत होती. दोन मराठी, तीन मराठी, शून्याला जात नसते. मग मधला आठ इंग्रजी कसा?

आठ नव्हताच तो. मराठी ४ होता. ४ ची वरची दोन शिंगं उघडी असतात, आणि नेमकं त्या दोन शिंगांच्या मध्ये प्लेट बसवायचा स्क्रू पिळलेला होता. स्क्रूचं डोकं काळं पडलेलं. लांबून शिंगं मिटून आठ होत होता. जवळून, पानभर मोठं करून बघितलं तर स्क्रूच्या मधली चीरसुद्धा दिसत होती.

"तुम्हाला हे कसं दिसलं?" मी विचारलं.

"विजापूर मुक्कामाला कानडी आकडे वाचायला लागायचे. तिथल्या गाड्यांवर नंबर कानडीत. कुठला आकडा कशासारखा दिसतोय ते बघायची सवय लागती. न्हाई तर भलत्याच गाडीजवळ डबा घेऊन हुभं ऱ्हायचं."

मी नातवाकडे बघितलं, नातवाने माझ्याकडे. तोही कॉम्प्युटर शिकतो. झेरॉक्सवाला पोरगा म्हणाला, "साहेब, अजून एक कॉपी काढू?" चार काढल्या.

आमचा पुकारा साडेबाराला झाला. हवालदार पस्तिशीचे, सकाळची ड्यूटी करून थेट आलेले, कपाळावर टोपीचा लाल वळ. हे लोक धुरात आणि उन्हात उभे राहून नंबर टिपतात. मी कधी त्यांच्यावर आवाज चढवत नाही, त्या दिवशी तर नाहीच. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांनी घेतलेली साक्ष, पाच मिनिटांत उरकला. अमुक तारखेला, अमुक चौकात कर्तव्यावर असताना, वगैरे.

मी उठलो. प्रमाणपत्राचा मुद्दा खिशातच ठेवला.

"नंबर मशिनमध्ये आपोआप येतो की तुम्ही टाकता?"

"फोटो काढतो आणि नंबर हाताने टाकतो."

"ह्या प्लेटवरचे खालचे आकडे मराठी की इंग्रजी?"

ते बराच वेळ बघत राहिले. "इंग्रजी."

"तीन बघा जरा."

आता त्यांनी कागद उजेडाकडे धरला. काही बोलले नाहीत. सरकारी वकील उठले. साक्षीदार हस्ताक्षरतज्ज्ञ नाही, असा प्रश्न विचारता येणार नाही, अशी त्यांची हरकत. ते माझे जुने मित्र, त्यांचं चुकत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "ह्याला तज्ज्ञ कशाला? आपण सगळेच पहिलीत शिकलोय." मग त्यांनी हवालदारांना कोरा कागद द्यायला सांगितला. "दोन हजार तीनशे चाळीस. मराठी आकड्यांत लिहा."

हवालदारांनी लिहिलं. पट्टेवाल्याने तो कागद आणि माझी झेरॉक्स शेजारी शेजारी मॅडमच्या टेबलावर ठेवली. कोर्टात नेहमी मागच्या बाकांवर कुजबुज असते, जुगारवाली मंडळी आपापल्या दंडाची बेरीज करत असतात. तेवढा वेळ ती थांबली होती. हवालदार स्वतःच म्हणाले, "मॅडम, चार असू शकतो."

फौजदारीत 'असू शकतो' एवढं पुरतं. मला खरं तर तिथेच बसायला पाहिजे होतं. पण मॅडमनीच विचारलं, ह्या नंबरची गाडी कुठली ते बघता येईल का? हवालदारांनी मोबाइलवर शोधलं. तीच सिरीज, २३४०, काळी स्प्लेंडर. नोंदणी आप्पांच्या गाडीच्याच आठवड्यातली. त्यात नवल काही नाही. पाडव्याच्या आसपास एका मॉडेलच्या गाड्या गठ्ठ्याने विकल्या जातात आणि नंबर ओळीने पडतात. मालक दुसऱ्या तालुक्यातला. टोपी घालतो की नाही ते सिस्टीममध्ये येत नाही.

निकाल त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर. निर्दोष. मॅडमनी वाचून दाखवला तेव्हा आप्पा मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे लायसन?" मॅडम म्हणाल्या, "तुमचं लायसन्स तुमच्याकडेच."

बाहेर चहाच्या गाडीवर हवालदार भेटले. आप्पांनीच त्यांना बोलावलं, चहा सांगितला. मला वाटलं आता काहीतरी सुनावतात. पण त्यांनी त्यांची ड्यूटी किती तास, पाणी कोण आणून देतं, चौकात सावली आहे का, असली चौकशी सुरू केली. हवालदार मोकळे झाले. म्हणाले, एका सकाळी शे-सव्वाशे नंबर टाकायचे, गाडी थांबत नाही, कुणी प्लेट वाकवलेली, कुणी 'दादा' वाचता यावं असे आकडे काढलेले. वाहन नियमांचा नियम ५० सरळ सांगतो, अक्षरं इंग्रजी आणि आकडेही इंग्रजीच. "त्या २३४० वाल्यावर आता दोन गुन्हे लागतात, हेल्मेटचा आणि प्लेटचा," ते म्हणाले.

"आधी प्लेटजवळ जाऊन बघा," आप्पा म्हणाले. "ते पण चार नसंल तर?"

हवालदार हसले. मी हसू शकलो नाही, कारण मला दुसराच हिशेब आठवत होता. मागच्या लोकअदालतीत मी माझ्या अशिलांची सतरा-अठरा चलानं एका बैठकीत मिटवली होती. त्यातला एकही फोटो मी नखाएवढ्या आकारापेक्षा मोठा करून बघितलेला नव्हता. दोघंतिघं "आमची गाडी नव्हती" म्हणाले होते. त्यांनाही मी तेच सांगितलं होतं, असं सगळेच म्हणतात.

फी आप्पांनी रुमालात बांधून आणलेली, ठरल्यापेक्षा एक रुपया कमी-जास्त नाही. मोजून घ्या म्हणाले, मी मोजली नाही, त्यांनी मोजायला लावली. नातू बसस्टॉपकडे गेला. आप्पा पार्किंगमध्ये स्प्लेंडरजवळ गेले आणि मी सवयीने मागून प्लेट बघितली. २३८०, छापील इंग्रजी आकडे, चारही कोपऱ्यांत स्क्रू, एकही आकड्यावर नाही.

गाडीला किक मारायच्या आधी ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मग गेटजवळ उभ्या हवालदारांकडे. हँडलला अडकवलेली पिशवी काढली, तिच्यातून हेल्मेट काढलं. टोपीवरून बसेना. टोपी काढून घडी करून बिल्ल्याच्या खिशात घातली, मग हेल्मेट चढवलं. पुढच्या काचेवरचं दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं.