वेलीला घालता काय?

क्लेमॅटिस बहरली की हा प्रश्न येतोच. आधी फुलांचं कौतुक होतं, दोन-चार फोटो निघतात, मग आवाज जरा खाली आणून विचारलं जातं, "खरं सांगा, हिला घालता तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: खास असं काहीच घालत नाही. कापते. आणि तेही असं, की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. हे ऐकून बहुतेकांचा विरस होतो. एखाद्या डब्याचं नाव सांगितलं असतं तर ते लिहून घेऊन काम भागलं असतं. कात्री कुठे लावायची हे मात्र ज्याच्या त्याच्या वेलीवर ठरतं आणि उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगून होत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

क्लेमॅटिसचं खटलं मोठं आहे. सुमारे ३०० जाती. हिमालयातली माँटाना त्यात आहे, दक्षिण युरोपातली व्हिटिसेला आहे, चीन-जपानमधून युरोपात गेलेल्या मोठ्या फुलांच्या जाती आहेत, आणि सह्याद्रीत झुडपांवर पांढऱ्या फुलांनी लगडणारी मोरवेलसुद्धा याच प्रजातीतली. यांचे संकर होत गेले. इंग्लंडमध्ये वोकिंगच्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली केलेल्या संकरातून निघालेली गडद जांभळी 'जॅकमनाय' १८६२ साली पहिल्यांदा फुलली, आणि तिथून मोठ्या फुलांच्या वेलींचं वेड पसरलं. आज रोपवाटिकेत मिळतात त्यातल्या पुष्कळशा अशाच सरमिसळीतून आल्या आहेत. त्यामुळे शेजारी शेजारी लावलेल्या दोन वेली, दोघींची फुलं जांभळी, तरी एकीला जी छाटणी मानवते तिनेच दुसरीचं वर्ष फुकट जाऊ शकतं. "माझ्या बहिणीने अशीच कापली होती" हे वाक्य म्हणून धोक्याचं.

छाटणीआधी एवढंच बघायचं की तुमची वेल फुलते कुठे. गेल्या वर्षीच्या तपकिरी, लाकडी झालेल्या काडीवर, की यंदाच्या हिरव्या फुटीवर?

माँटाना, अल्पिना अशा थंडी सरता सरता फुलणाऱ्या जाती जुन्या काडीवर फुलतात. त्यांची कळ्यांची तयारी आदल्या हंगामातच झालेली असते. हिवाळ्यात आवराआवरीच्या झटक्यात त्या साफ केल्यात, तर वेल जगेल, पानं रग्गड येतील, पण त्या वर्षी फुलांची वाट बघू नका. यांना हात लावायचा तो बहर ओसरल्यावर, आणि पसारा आवरण्यापुरताच. माँटाना आठ-दहा मीटर सहज चढते. छोट्या बागेत ती आणण्याआधी दोनदा विचार करा.

दुसऱ्या टोकाला जॅकमनाय, व्हिटिसेला आणि त्यांची पिलावळ. या उन्हाळ्याच्या मध्याला आणि पुढे फुलतात, त्या सगळ्या नव्या फुटीवर. माझ्याकडे जास्त करून याच आहेत आणि लोक ज्यांच्यापुढे उभे राहून प्रश्न विचारतात त्याही याच. हिवाळा संपत आला की ही वेल पार वाळून गेल्यासारखी दिसते. साल काथ्यासारखी सुटलेली, वर काळपट पानांचे गुंते, काडी जरा वाकवली तर कट्कन मोडते. याच वेळी खाली बसायचं आणि जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर नजर न्यायची. तिथे प्रत्येक पेरावर समोरासमोर डोळ्यांची, म्हणजे नवी फूट जिथून निघते त्या कळ्यांची, एक जोडी असते. आधी ते डोळे काडीला चिकटून असतात, टोकदार, तपकिरी, हाताला कोरडे. मग एक दिवस ते फुगलेले दिसतात, खवल्यांची फट उघडते आणि आतलं हिरवं डोकावतं. अशी तरतरीत जोडी सापडली की तिच्या वर नखभर जागा सोडून आडवा काप द्यायचा. गुलाबाला तिरका काप देतात तसा इथे नको, कारण डोळे दोन्ही बाजूंना आहेत आणि दोन्ही हवे आहेत. वरचं सगळं, दोन-तीन मीटर का असेना, ओढून काढायचं.

इथेच लोकांचा हात थांबतो. वर चार फुटांवरसुद्धा डोळे फुगलेले दिसतात, ते टाकवत नाहीत. पण ते ठेवले तर वेल नवी वाढ तिथूनच सुरू करते, पुढच्या वर्षी त्याहून वरून, आणि मग खाली उघड्या काड्या नि फुलं छपराला. खालच्या जोडीवर कापलं की एका काडीच्या दोन होतात, त्या बुडापासून भरत जातात आणि फुलं तुमच्या नजरेच्या उंचीवर येतात. फुलांची संख्या वाढते ती या दुपटीने.

मधला गट जरा लाडावलेला आहे. 'नेली मोझर' घ्या, फ्रान्समधली, १८९७ सालची, फिक्या गुलाबी पाकळीवर मधोमध गडद पट्टा. पाकळी म्हणते खरी, पण क्लेमॅटिसला पाकळ्या नसतातच, रंग धरतात ती निदलं, म्हणजे इतर फुलांत कळीभोवती हिरवी असतात ती दलं. म्हणून तर गारठ्यात उमललेली पहिली फुलं कधी कधी हिरवट निघतात. तर ही मंडळी पहिला, मोठ्या फुलांचा बहर जुन्या काडीवर देतात आणि नंतर दुसरा, लहानसा, नव्या फुटीवर. यांना टोकाकडून खाली येत पहिल्या दमदार जोडीपर्यंतच कापायचं. मेलेलं, मोडकं काढून टाकायचं. पहिला बहर संपला की सुकलेली फुलं खुडायची, म्हणजे दुसऱ्याला जोर येतो. यातल्या काही दुहेरी फुलांच्या जाती जुन्या काडीवर दुहेरी आणि नव्या फुटीवर एकेरी फुलतात. सरसकट छाटलं की "रोपवाटिकेने फसवलं, एकेरीच दिली" अशी तक्रार येते ती इथून. नेली मोझरला अर्धी सावली द्या. कडक उन्हात तिचा पट्टा उडून जातो आणि मग ती कोणीही वाटते.

आणि आता ज्याला कोणीच लवकर तयार होत नाही ते. नव्या रोपाला पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी, बहुतेक जातींच्या बाबतीत, गट कुठलाही असो, वीत-दीड वीत उंचीवर कापा. दुकानातून आलेली काडी बहुधा एकुलती एक असते. ती तशीच वाढू दिली तर पुढेही तेवढ्याच एका दोरीवर सगळा संसार. कापली की बुडाशी फुटवे येतात आणि मुळांना सवड मिळते. पहिली दोन-तीन वर्षं क्लेमॅटिस जे काही करते ते जमिनीखाली. वर बघणाऱ्याला वाटतं वेल रुसली, मग खत वाढवलं जातं, जागा बदलली जाते, आणि मुळांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तिला जागेवरून हलवू नका, एवढं जरी पाळलंत तरी निम्मं काम झालं.

जागा निवडतानाच म्हणून डोकं वापरायचं. मोठ्या फुलांच्या संकरांसाठी हात-दीड हात खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, तळाशी कंपोस्ट नीट मिसळा, आणि रोप कुंडीत होतं त्यापेक्षा पाच ते आठ सेंटीमीटर खोल लावा. इतर झाडांच्या बाबतीत बुंधा पुरणं म्हणजे कुजण्याला आमंत्रण, हे बरोबरच आहे, पण या वेली मातीखाली गेलेल्या पेरांतूनही फुटतात, आणि वरचं काही कारणाने गेलंच तर तीच त्यांची शिल्लक. माँटाना, अल्पिना यांना मात्र कुंडीतल्या पातळीवरच ठेवा. भिंतीला चिकटून लावू नका, हातभर लांब लावून काठीने भिंतीकडे वळवा. भिंतीच्या पायथ्याशी माती कोरडीठाक असते, पाऊस तिथे पोचत नाही.

वेलीला ऊन हवं, मुळांना गारवा. आळ्यावर सपाट दगड ठेवा, पालापाचोळ्याचा थर द्या किंवा समोर बुटकं झुडूप लावा. आच्छादन बुंध्याला टेकलेलं नको, चार बोटं मोकळी सोडा. माती वाफशावर राहिली पाहिजे. चिखलात मुळं गुदमरतात, आणि रोज थोडं थोडं शिंपडलेलं पाणी वरच्या वर राहतं, त्यापेक्षा चार दिवसांनी भरपूर दिलेलं बरं.

आधाराबद्दल माझं मत जरा कडक आहे. त्या जाड नळ्यांच्या लोखंडी कमानी बघायला छान, वेलीच्या काही कामाच्या नाहीत. क्लेमॅटिसला ताणे नसतात, ती चढते पानांच्या देठांवर. कोवळं पान बाहेर येतं तेव्हा त्याचा देठ मोकळा डोलत असतो. तारेला किंवा काटकीला तो घासला की ज्या बाजूने स्पर्श झाला तिकडे वळायला लागतो, वेटोळं घालतो, आणि पुढे टणक होऊन असा आवळतो की सोडवायला गेलात तर देठ तुटेल, सुटणार नाही. पण हे वेटोळं लहान. पेन्सिलीपेक्षा जाड काही आलं की देठ पोचतच नाही, मग वेल स्वतःलाच धरते आणि डोक्यावर गाठोडं होतं. कमान असेलच तर तिला बारीक तार किंवा जाळी गुंडाळा. नवी फूट फार ठिसूळ असते, म्हणून जोरात वाढत असताना दर दोन-तीन दिवसांनी हलक्या हाताने ती पसरवत बांधा, सरळ वर न नेता आडवी, तिरकी. आडव्या काडीवर फुटवे जास्त येतात. हे कोंब गोगलगायींनाही फार प्रिय आहेत, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन एक फेरी मारायची. मला ती फेरी आवडते, खोटं कशाला बोलू.

मर रोगाबद्दल घाबरून विचारणा होते ती बहर तोंडावर आला असताना. काल कळ्यांनी लगडलेली काडी आज टोकापासून माना टाकते, पानं काळी पडतात, देठ काळवंडतात. लोक घाईघाईने पाणी ओततात. पाण्याचा दोष असता तर अख्खी वेल मलूल झाली असती. एखादीच काडी गेली आणि बाकी ठीक, म्हणजे बहुधा बुरशी. ती जखमेतून शिरते, वाऱ्याने हिंदकळलेल्या किंवा खुरप्याने खरवडलेल्या काडीतून. काडी कापत कापत खाली या, आत स्वच्छ हिरवट-पांढरं दिसेपर्यंत, गरज पडली तर मातीच्या खालपर्यंतही. कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका. कात्री स्पिरिटने पुसा. आणि वेल उपटू नका. खोल लावली असेल तर पुढच्या हंगामात खालून फुटू शकते. मोठ्या फुलांच्या संकरांना हा रोग जास्त धरतो, व्हिटिसेला आणि माँटाना बऱ्याच सोशिक.

एक सूचना, कापताना हातमोजे घाला. हिच्या चिकाने कातडी चुरचुरते, कोणाला फोडही येतात, आणि पोटात जाणंही चांगलं नाही. मुलं, कुत्री असतील तर छाटलेलं तिथेच पडू देऊ नका.

खताचं म्हणाल तर हिवाळ्याच्या शेवटी छाटणीनंतर कंपोस्ट किंवा कुजलेलं शेणखत, आणि पुढे पालाश जास्त असलेलं, टोमॅटोला देतात तसं पातळ खत. कळ्या रंग दाखवायला लागल्या की थांबवायचं. नत्र जास्त झालं तर पानंच पानं.

जिथे हिवाळा नावापुरताच असतो तिथे मोठ्या फुलांच्या विलायती संकरांचा हट्ट धरू नका असं मी स्पष्ट सांगते. त्यांना थंडीतली विश्रांती लागते, ती न मिळाल्यास एक-दोन वर्षं कुढत काढतात आणि जातात. तिथे लहान फुलांच्या व्हिटिसेला जाती लावून बघा, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी. नाहीतर उष्ण हवामानातली एखादी रानजात. तिची पांढरी फुलं लहान असतात, पण झुबकेदार येतात, आणि नंतर बियांना पिसासारख्या शेपट्या फुटतात, त्याही बघण्यासारख्या.

राहता राहिले ते लोक ज्यांच्या रोपावरची चिठ्ठी केव्हाच हरवली आहे. ते काडीचा फोटो पाठवतात आणि विचारतात, कुठल्या गटातली? फोटोवरून ते कळत नाही. एक वर्ष कात्री बाजूला ठेवा आणि फक्त मेलेलं काढा. पहिलं फूल कधी आलं ते कॅलेंडरवर लिहा आणि ज्या काडीवर आलं ती वरून खाली चाचपत या. फुलाचा देठ थेट जुन्या तपकिरी काडीतून निघाला असेल तर पहिला गट. जुन्या काडीवर दोन-चार पानांची आखूड हिरवी फूट आणि तिच्या टोकाला मोठं फूल, तर मधला. हातभर, दोन हात हिरवी फूट वाढून मग फुलं, तर तिसरा, आणि तिला पुढच्या हिवाळ्याअखेर खालपर्यंत कापा.